धुराचं निव्वळ वजन

दिवाळी आटोपली की पुलगावकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना कापूस सांडायला लागतो. गाड्यांवरून उडालेले बोळे बाभळीच्या काट्यांना अडकतात, तारेच्या कुंपणावर बसतात, नालीच्या काठाकाठानं साचतात. बाहेरगावचे पाहुणे गाडी थांबवून फोटो काढतात. मी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, त्यामुळे मला त्यात सौंदर्य कमी आणि घट जास्त दिसते. जो उडाला तो कोणाच्या तरी मापातून गेला.

यंदाचाही हंगाम सुरू झाला आहे. सकाळी मी कामावर पोचतो तेव्हा फाटकापासून पार नाल्याच्या पुलापर्यंत गाड्या लागलेल्या असतात. ट्रॅक्टर, मेटाडोर, मध्येच एखादी बैलबंडी. गवतावर दव असतं, बैलांच्या नाकातून वाफ निघत असते, आणि रांगेवर एक निळसर पट्टा तरंगत असतो. लांबून पाहणाऱ्याला ते धुकं वाटेल. ते धुकं नाही. रांगेतला जवळजवळ प्रत्येक पुरुष काहीतरी ओढत उभा असतो.

विचारलं तर उत्तर ठरलेलं. "टेन्शन हाय ना भाऊ. आज भाव काय निंगते, काही भरोसा नाई."

भाव निघायचा तो निघतो. याची बिडी विझते, भाव तोच राहतो. पण मधल्या वेळात या गृहस्थांनी चेहरा असा केलेला असतो, की जणू सगळ्या बाजारपेठेची काळजी एकट्यानं वाहिली. डोळे बारीक, नजर लांब, एक खांदा किंचित वर. सिगारेट ओढणाऱ्या माणसाला आपण विचार करतो आहोत असं फार वाटतं. मी अशा विचारवंतांना कित्येक हंगाम पाहतो आहे. त्यांच्यापैकी एकानंही झुरका संपल्यावर एखादा नवा विचार बोलून दाखवल्याचं माझ्या स्मरणात नाही. संपल्यावर ते इतकंच म्हणतात, "अजून एक असन काय रे?"

त्याच गाडीवर, गाठोड्यांच्या मधोमध त्याची बायको बसलेली असते. कापूस तिनं वेचलेला, बोटांच्या टोकांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे तिच्या, भावाची काळजी तिलाही. तिला धूर लागत नाही. ती पदराखाली हात घेऊन ऊन वर येण्याची वाट पाहते. हे पाहूनही ज्याला आपल्या टेन्शनचा युक्तिवाद टिकतो असं वाटतं, त्याला मी काय सांगणार?

आमच्या जिनाचा एक नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. फाटकातून आत यायचं तर काडीपेटी, लायटर, बिडीचा कट्टा, सिगारेटचं पाकीट, जे असेल ते चौकीदार देवरावच्या हवाली करायचं. आत कापसाच्या गंज्या असतात, माणसाच्या दुप्पट उंचीच्या. एक ठिणगी पडली तर बंब येईपर्यंत काळी राखच उरेल. म्हणून देवराव शेतकऱ्याचाही खिसा चाचपतो आणि मोटारीतून येणाऱ्या व्यापाऱ्याचाही. एका व्यापाऱ्यानं एकदा आवाज चढवला होता, "मले ओळखत नाई काय?" देवराव म्हणाला, "ओळखतो ना शेटजी. तुमाले ओळखतो, कापूस कोणाले ओळखत नाई." शेटजींनी लायटर काढून दिला.

फाटकाबाहेर ज्यांना अर्धा तास धुराशिवाय निघत नव्हता, तेच फाटकाच्या आत दुपारपर्यंत राहतात. काटा व्हायचा असतो, कापसाची प्रत ठरायची असते, म्हणजे खरी काळजी आतच असते. पण कोणी मरत नाही. थोडा वेळ चुळबुळ करतात, रिकामा खिसा दोनदा दाबून पाहतात. मग कोणीतरी कोणाच्या तरी सासऱ्याचा किस्सा काढतो आणि सगळे खिदळायला लागतात. मला हे कायम मजेशीर वाटत आलं आहे. टेन्शन म्हणे. फाटकाशी ठेवता येतं आणि जाताना परत घेता येतं असं कसलं टेन्शन?

हंगाम लागला की मला दरवर्षी त्या एका हंगामाची आठवण येते, ज्यात माझा मोठा भाऊ या फाटकाच्या आत येऊन बसला होता.

शालिकदादा नाचणगावला राहतो, शेती करतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून बिडी, आणि पुढे पोराला नोकरी लागल्यावर इभ्रतीला शोभेल म्हणून सिगारेट. त्याच्यापाशी धुराचं कारण नेहमी तयार असे. पाऊस आला नाही, टेन्शन. फार आला, टेन्शन. पोरीचं लग्न ठरेना, टेन्शन. ठरलं, तर आता खर्चाचं टेन्शन. एकदा विहारात वंदना झाल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर टोकलं होतं. म्हटलं, दादा, पंचशील म्हणतो आणि बाहेर निघाल्यानिघाल्या पेटवतो, शोभते काय तुले? तो शांतपणे म्हणाला, "पाचव्या शीलात दारूचं नाव हाय. बिडीचं कुठं हाय, दाखव मले." बाया हसल्या. मी म्हणालो, माणसाचं भान जाईल अशी कोणतीही वस्तू त्यात आलीच. त्यावर तो म्हणे, "माहं भान बिडी पेल्यावरच येते." अशा माणसापुढे धम्म चालत नाही आणि हिशेबही चालत नाही.

त्याला जांघेत हर्निया झाला. गाठ आधी सुपारीएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. खोकला की बाहेर यायची, आणि खोकत तर तो सदानकदा होता. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, ऑपरेशन लवकर करायला हवं, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. पण आधी महिनाभर धूर पूर्ण बंद. खोकला राहिला तर आत लावलेले टाके टिकणार नाहीत.

तारीख मिळाली. दादा गेला. छातीला नळी लावून तपासलं तर आत शिट्ट्या वाजत होत्या. विचारलं तेव्हा कबूल झाला, की ऑटोतून उतरल्यावर रस्त्यापलीकडच्या टपरीवर दोन ओढल्या. त्याला परत पाठवलं.

मी घरी भेटायला गेलो. मला वाटलं, तोंड पाडून बसला असेल. हे महाशय ओट्यावर बसून चहा पीत होते, चेहरा कसा टवटवीत. मी विचारलं, "काऊन ओढली बे तिथं जाऊन?"

"भेव वाटलं मले."

"कायचं भेव?"

त्यानं वैनी आत गेल्याचं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "कमरेत सुई देते म्हनते. मानूस जागाच राह्यते. मंग पोट उघडं असताना मले खोकला आला तं?"

खोकला येईल याची भीती. ती भीती दाबायला सिगारेट. सिगारेटीनं खोकला. खोकल्यामुळे ऑपरेशन पुढे. ऑपरेशन पुढे गेलं म्हणून हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं पुन्हा सिगारेटीच्या खात्यावर जमा. घाण्याचा बैलसुद्धा डोळ्यांना झापड असते म्हणून फिरतो. हा डोळे उघडे ठेवून फिरत होता आणि वर म्हणत होता, सिगारेटीनं बरं वाटते.

मला जे म्हणायचं होतं ते मी त्याला काट्याच्या भाषेत सांगून पाहिलं. आमच्याकडे भरली गाडी काट्यावर चढते, वजन येतं. मग गाडी रिकामी होते, पुन्हा चढते, पुन्हा वजन येतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की कापूस. पैसे कापसाचे मिळतात, गाडीच्या लोखंडाचे नाही. सिगारेट ओढणारा एकदाच वजन करतो. झुरका घेतला, जीव हलका झाला, लिहून टाकलं. पण झुरक्याच्या आधी जीव जड कशानं झाला होता? मागच्या सिगारेटीचा अंमल उतरला म्हणून. तो जडपणा वजा कर आणि मग मला सांग, निव्वळ काय उरलं? मी कधी धूर घेतला नाही. मला सकाळी उठल्यावर हात थरथरण्याची भीती नाही, सभेत मध्येच उठून जायची घाई नाही, गाडी लांबल्यावर खिसे चाचपायचे नाहीत. तू इतकं ओढून जिथं पोचतो, तिथं मी बसल्या जागी आहे.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुह्या काट्यावर मानसं नको चढवू."

वैनी दारात उभी होती. ती कमी बोलते, पण तिचं बोलणं कामाचं असतं. ती म्हणाली, "भाऊजी, बोलून काई होत नाई. तुमच्या जिनात नेऊन बसवा त्याहिले. घरी मी न्हाणीकडं पाहू का गोठ्याकडं पाहू? तिथं तं कोनी काडी पेटवू देत नाई न?"

मला हसू आलं. पण रस्त्यानं परतताना वाटलं, हा एकच इलाज असा आहे ज्यात दादाच्या मतपरिवर्तनाची गरज नाही.

मालकांना विचारलं. ते म्हणाले, बसू दे, कवडी वेचेल. कवडी म्हणजे किडकी, पिवळी पडलेली सरकी चिकटलेली बोंडं. चांगल्या कापसातून ती काढावी लागतात. बसून करायचं काम, ओझं उचलायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी दादाला सकाळी मोटरसायकलवर मागे बसवून आणू लागलो. फाटकाशी तो पाकीट आणि काडीपेटी देवरावला द्यायचा आणि कवडी वेचणाऱ्या बायांच्या रांगेत, गंजीच्या उन्हाच्या बाजूला बसायचा.

सुरुवातीचे दिवस पाहण्यासारखे होते, आणि मी ते पाहिले. कापसाच्या मऊ ढिगात बसून कोणी इतकं खडबडीत वागू शकतं हे मला माहीत नव्हतं. त्याला घाम फुटायचा. यंत्राच्या घरघरीवर चिडायचा, कावळ्यावर चिडायचा. बायांनी गाणं म्हटलं तर "बंद करा वं" म्हणायचा. चांगली बोंडं कवडीत आणि कवडी चांगल्यात टाकायचा. शेजारी बसणारी म्हातारी सखूबाई त्याला म्हणाली, "शालिकभाऊ, तुमी कापूस वेचून राह्यले का त्याचा सूड घेऊन राह्यले?" सगळ्या हसल्या. तो उठून फाटकापर्यंत जायचा, तिथून परत यायचा. बाहेर गाड्यांच्या रांगेवर तो निळा पट्टा, मध्ये गज, आत हा. पिंजऱ्यातलं जनावर म्हणायचं तर जनावराला स्वतःच पिंजऱ्यात येऊन बसायची लाज नसते, एवढाच फरक.

मी काट्याच्या खोलीतून त्याच्याकडे लक्ष ठेवत होतो. दया येत नव्हती असं नाही, पण राग जास्त येत होता. बोटाएवढ्या कागदाच्या नळीनं एका धिप्पाड माणसाला, ज्यानं आडव्या पुरात बैल पोहून काढले, कुठं आणून बसवलं होतं. आणि या नळीची जगात कीर्ती काय, तर ती माणसाला शांत करते! शांत? ओला कापूस वजनाला चांगला भरतो. पाणी मारून आणणारे असतात. ढीग ऊन खातो आणि वजन उडून जातं. धुराची शांती त्या पाण्याच्या वजनासारखी. काट्यावर दिसते, मागाहून हाती लागत नाही.

पण हेही लिहिलं पाहिजे, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं. हळूहळू तो शांत होत गेला. संध्याकाळी घरी गेल्यावर वैनी त्याच्यावर पहारा ठेवी, तिची नजर चुकवून तो एखादी ओढत असेलही, मी काही शपथ घेणार नाही. पण दिवस सरू लागले तसा फाटकाकडे जायचा कमी झाला. जेवायच्या सुटीत ज्वारीची भाकर आणि वाल-वांग्याची भाजी चवीनं खायला लागला. एकदा म्हणाला, "वालाच्या शेंगेले एवढा वास असते, मी इसरूनच गेलतो." सखूबाईंशी त्याचं जमलं. बायांच्या गाण्यात खालच्या पट्टीत घोगरा सूर लावायला लागला. खोकला सुटा झाला, मग कमी झाला. भाव पडला त्या दिवशी बाहेर धूर दाट झाला होता. हा आत कवडी निवडत होता आणि त्याच्याही शेतातला कापूस विकायचा राहिलाच होता.

मग एका दुपारी मला दवाखान्यातून फोन आला. तारीख मिळाली, आठवड्याच्या आत. मी खोलीबाहेर येऊन त्याला सांगितलं. त्याच्या हातातलं बोंड खाली पडलं. तो उठला आणि सरळ फाटकाकडे चालू लागला.

मी मागून गेलो तोवर तो देवरावशी बोलत होता. "माही पेटी अन् पाकीट दे."

देवरावनं माझ्याकडे पाहिलं. "बाबूजी?"

"त्याच्याकडं काय पाहतो? माही हाय न पेटी? दे म्हनलं तं दे."

मी दादाला म्हणालो, "महिना होत आला. आता काऊन घाण करतो? डॉक्टरीणबाईनं परत पाठवलं तं पुढच्या खेपेले गाठ वाट पाहीन काय?"

"तू लई शहाणा हायस," तो म्हणाला. रांगेतली माणसं बिड्या तोंडात धरून पाहायला लागली होती. "तुले भेव कधी वाटलं हाय काय? खरं सांग. मले सांगतो वजा कर, वजा कर. भेव वाटलेला मानूस वजाबाकी करत नाई."

माझ्याकडे उत्तर होतं, अगदी तयार होतं, पण एवढ्या लोकांसमोर द्यायचं नव्हतं. मी देवरावला म्हणालो, "दे त्याची पेटी. त्याची हाय."

देवरावनं दिली. दादा फाटकाबाहेर गेला. मी खोलीत येऊन पुढच्या ट्रॅक्टरचं वजन घेतलं. मनात म्हटलं, संपलं. ज्याचं त्यानं पाहावं. आतडं त्याचं आहे. माझा हा तुच्छतेचा कोट फार उबदार होता आणि त्या दुपारी मी तो गळ्यापर्यंत बंद करून घेतला.

ट्रॅक्टर रिकामा होऊन परत काट्यावर आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. दादा गंजीपाशी बसला होता. देवरावला नंतर विचारलं, काय केलं त्यानं बाहेर? देवराव म्हणाला, "काई नाई केलं. एका गाडीले टेकून उभा राह्यला. लोकं म्हनत होते, घ्या काका, आमची घ्या. त्यानं पाकीट त्याहिलेच वाटून देल्लं आन् आत आला."

त्या संध्याकाळी मोटरसायकलवर मागून त्यानं माझा खांदा नेहमीपेक्षा घट्ट धरला होता.

ऑपरेशनच्या सकाळी छाती स्वच्छ निघाली. त्याला हिरवा झगा घालून आत नेलं. वैनी पायऱ्यांवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, कापसाच्या गाडीवर बाया बसतात तशीच. तिच्याशेजारी बसणं मला जमेना. उभं राहणं जमेना. भिंतीवर लावलेल्या सूचना वाचून काढल्या, पुन्हा वाचल्या, एक शब्द कळला नाही. आत टेबलावर दादा जागा असेल. त्याला खोकला आला असेल का? येतोय असं वाटून त्यानं श्वास कोंडून धरला असेल का? हर्नियाचं ऑपरेशन रोज होतं, कोणी मरत नाही, हे मी स्वतःला सांगत होतो, आणि ते सांगणं कानाच्या बाहेरच राहत होतं. हात कुठं ठेवावेत तेच कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, मागे बांधले.

मी दवाखान्याच्या फाटकाबाहेर आलो, रस्ता ओलांडला. टपरीशी एक अनोळखी माणूस उभा होता, माझ्याच वयाचा, दाढी वाढलेली. त्याचंही कोणीतरी आत होतं. त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं आणि पाकीट पुढे केलं.

"घ्या भाऊ. टेन्शन कमी होते."

"मी घेत नाही," मी म्हणालो.

"बरं हाय," तो म्हणाला आणि स्वतःची पेटवली. "पोरगी हाय माही आत."

"माझा मोठा भाऊ आहे."

तेवढंच बोलणं झालं. नेहमीप्रमाणे मी दोन पावलं बाजूला सरकायला हवं होतं. वारा माझ्याकडेच होता, धूर थेट तोंडावर येत होता. मी हललो नाही. त्याची संपली, त्यानं दुसरी पेटवली, तरी मी तिथंच. सिगारेटीबद्दलचं माझं मत त्या घडीलाही तेच होतं आणि आजही तेच आहे: ती त्या माणसाच्या पोरीसाठी काडीचंही काम करत नव्हती. पण परत त्या पायऱ्यांवर एकट्यानं जाण्यापेक्षा मला त्या धुरात उभं राहणं परवडत होतं.

वैनीचा फोन आला. "या भाऊजी. आनलं बाहीर."

दादा पलंगावर उताणा होता, ओठ कोरडे, चेहरा पांढुरका. मी जवळ जाऊन वाकलो. त्यानं डोळे उघडले, नाक आक्रसलं. कोणाला ओळखू येऊ नये इतक्या बारीक आवाजात तो म्हणाला, "तू पेला काय बे?"

"नाई. बाजूचा मानूस पेत होता."

"मंग त्याच्या बाजूले काऊन उभा होता?"

वैनी माझ्याकडे पाहत होती. मला एरवी उत्तरं सुचतात.

"भेव वाटत होतं," मी म्हणालो.

दादाला हसू आलं. हसण्यानं टाके ओढले, तसा त्यानं पोटावर तळहात दाबून धरला आणि तोंड वेडंवाकडं करत हसू आवरलं. मग दुसऱ्या हातानं मला खूण केली, सर तिकडं, लांब उभा राह्य.

मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.